आजचा शब्दपाठ : एन्व्ही आणि जेलसी

दोन्हींना आपण सरसकट 'हेवा' म्हणून मोकळे होतो. पण शेजाऱ्याची गाडी आपल्याकडेही हवी असं वाटणं, ती एन्व्ही. आपलं माणूस दुसरं कुणी हिरावून नेईल ही धास्ती, ती जेलसी.

एन्व्हीचं मूळ लॅटिन 'इन्व्हिडिया', म्हणजे वाकड्या नजरेनं पाहणं. आपणही 'डोळ्यांत खुपतं' म्हणतोच ना! जेलसी ग्रीक 'झेलोस'वरून आली. 'झील', म्हणजे तळमळीचा उत्साह, हा शब्दही तिथलाच.

घरात बाळ आलं की थोरलं रुसतं. आपण दटावतो, "हेवा करू नये!" अहो, त्याला बाळाचं काही नकोय. आई दुरावेल ही भीती आहे. ही जेलसी. तिथे उपदेश नको, आधी त्याला जवळ घेऊया.