पावसाळ्यात गप्प होणारं स्टिअरिंग

प्रश्न : बाबांची १९८६ची प्रीमियर पद्मिनी आम्ही जपून ठेवली आहे. स्टिअरिंग वळवलं की कुईं-कुईं असा आवाज येतो. गॅरेजवाल्यांनी स्प्रे मारला, चार दिवस बरं वाटलं, मग आवाज आधीपेक्षा वाढला. गंमत म्हणजे पावसाळ्यात तो आपोआप थांबतो. दोष कुठे असेल? (एक वाचक, सातारा)

उत्तर : तुमच्या पत्रातलं पावसाळ्याचं वाक्य सगळ्यात मोलाचं आहे. आधी हा आवाज होतो कसा ते पाहू. कोरडं रबर स्टिअरिंगच्या लोखंडी दांड्याला क्षणभर चिकटतं, ताणलं जातं, सुटतं, पुन्हा चिकटतं. सेकंदाला शेकडो वेळा हे झालं की आवाज उमटतो. सारंगीचा गज तारेवर हेच करतो. मध्ये पाण्याचा पातळ थर आला की चिकटणं थांबतं. पावसात गाडीखालून पाणी उडतं, ओलावा वर चढतो. म्हणून माझा पहिला संशय दांडा इंजिनाकडच्या पत्र्यातून आरपार जातो तिथल्या रबरी वायसरवर आहे.

पण संशयावर खोलाखोली करू नका. गाडी सपाट जागी घ्या, मागच्या चाकांना दगड लावा, पुढची बाजू जॅकने उचलून भक्कम स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली हात घालायचा नाही. आता इंजिन बंद ठेवून घरातल्या कुणाला तरी स्टिअरिंग सावकाश फिरवायला सांगा. चाकं अधांतरी असताना आवाज गेला, तर तो खालच्या सांध्यांचा. किंगपिनांना ग्रीस हवं आहे. राहिला, तर दांड्याचाच. मग पेडलांपाशी वाकून त्या रबरावर बोट टेकवा. आवाज होताना बोटाला बारीक थरथर जाणवते, आणि दाबल्यावर सूर बदलतो. चोर सापडला.

तिथे थरथर नसेल तर वर या. स्टिअरिंगच्या चाकाखालचं प्लॅस्टिकचं कव्हर एका बाजूला सरकून घासत असेल, तर हाताने किंचित ओढून धरताच आवाज थांबतो. स्क्रू सैल करून ते मधोमध बसवलं की झालं. बऱ्याच जुन्या गाड्यांत हॉर्नची वीज फिरत्या चाकापर्यंत न्यायला पितळी कडं आणि त्यावर टेकलेली पट्टी असते. ते कडं कोरडं पडलं की त्यावर काळी भुकटी आणि बारीक चरे दिसतात. बॅटरीची तार काढा, कोरड्या फडक्याने पुसा, पेट्रोलियम जेलीचा अगदी पुसट हात फिरवा. आवाज फक्त गिअर टाकताना येत असेल, तर मात्र स्टिअरिंगला बोल लावू नका. पद्मिनीचा गिअरचा दांडा स्टिअरिंगच्याच खांबावर असतो, त्याचे बुश वेगळे.

स्प्रेबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. गंज सोडवणारा पातळ स्प्रे जुनं ग्रीस धुऊन नेतो आणि स्वतः उडून जातो, म्हणून पाचव्या दिवशी आवाज वाढतो. दांड्याच्या रबराला साधं ग्रीसही नको, खनिज तेलाने नैसर्गिक रबर फुगतं आणि मऊ पडतं. सिलिकॉन ग्रीस घ्या. रबराची कड लाकडी पट्टीने हळूच उचला, दांडा पुसा, वाटाण्याएवढं ग्रीस सगळीकडून लावा आणि स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवा. रबराला चिरा दिसल्या तर बदलूनच टाका. जुन्या बाजारातला तसाच झिजलेला तुकडा घेण्यापेक्षा नवा कापून घेतलेला बरा.

एकदा बॉनेट उघडून स्टिअरिंग बॉक्समधलं नव्वद नंबरचं ऑइलही पाहा. आणि स्टिअरिंग थोडं हलवूनही टायर जागचं हलत नसेल, म्हणजे प्ले वाढला असेल, तर कुरकुर बाजूला ठेवा. तो दुरुस्त होईपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका.