उचल पैशाची, माणसाची नव्हे



दसऱ्याचे सोने वाटून झाले की आपल्या केज तालुक्यातून कोयते निघतात. कुणी सांगली-कोल्हापूरकडे जातो, कुणी कर्नाटकात, तर कुणी जवळच्याच कारखान्याच्या फडात उतरतो. युसूफ वडगाव व आसपासच्या गावांत एकाच भावकीत हे सगळे धंदे नांदतात. एक भाऊ ऊस लावून कारखान्याचा सभासद होतो, दुसरा ट्रॅक्टर घेऊन वाहतुकीचा करार करतो, तिसरा मुकादमकी करतो आणि चौथा बायकोला घेऊन फडावर जातो. या चौघांना एका दाव्याला बांधणारी गोष्ट म्हणजे उचल.

या उचलीवरून दर हंगामात भांडणे होतात. वाहनमालक म्हणतो, "पैसे घेतले अन् टोळी आलीच नाही." मजूर म्हणतो, "दोन हंगाम राबलो तरी बाकी फिटेना." पुष्कळदा दोघेही खरेच बोलत असतात. हिशेब नीट लिहिलेला नसतो, म्हणून खरे कोणाचे हे ठरत नाही. मग कोणी कोऱ्या स्टॅम्पवरचा अंगठा पुढे करतो, कोणी माणूसच गाडीत घालून आणतो, आणि दिवाणीचे प्रकरण फौजदारी होऊन बसते. हे टाळता येते. त्यासाठी नेहमी विचारले जाणारे काही प्रश्न व त्यांची उत्तरे येथे क्रमाने देत आहोत.

प्रश्न १ : उचल देणे किंवा घेणे हाच गुन्हा आहे काय?

नाही. कामाआधी अगाऊ रक्कम देणे-घेणे हा साधा व्यवहार आहे. गुन्हा होतो तो पुढच्या पायरीला. उचल दिली म्हणून माणसाने दुसरीकडे काम करायचे नाही, गावी जायचे नाही, ठरेल त्या कमी मजुरीत राबायचे, अशी अट आली की ती वेठबिगारी होते. वेठबिगार पद्धत (निर्मूलन) अधिनियम १९७६ साली झाला व तो आजही लागू आहे. त्याआधी ऑक्टोबर १९७५ मध्ये तसा वटहुकूम निघाला होता.

या कायद्यातली एक गोष्ट उचल देणाऱ्याने मनावर कोरून ठेवावी. वेठबिगारी सिद्ध झाली की मजूर मोकळा होतो, तसा करार रद्द ठरतो, आणि त्यापोटी दिलेले कर्जही संपते. वसुलीचा दावा चालत नाही. वर तीन वर्षांपर्यंत कैद व दोन हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. "हे वेठबिगारीचे कर्ज नाही" हे शाबीत करण्याचे ओझे पैसे देणाऱ्यावर असते, मजुरावर नव्हे. म्हणजे ज्याने धाकदपटशा केला, त्याचा न्याय्य पैसाही बुडाला.

सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली, दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात, किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणे ही घटनेच्या २३ व्या कलमाखालची सक्तीची मजुरी ठरवली. पोटाची गरज हीदेखील सक्तीच, असा त्या निकालाचा आशय आहे. "तो स्वखुशीने आला होता" एवढे म्हणून सुटका होत नाही.

प्रश्न २ : स्टॅम्पवर लिहून घेतले म्हणजे माणूस बांधला गेला, हे खरे काय?

स्टॅम्प कितीही रुपयांचा असो, त्याने व्यवहाराला पुरावा मिळतो. माणसाच्या येण्याजाण्यावर हक्क मिळत नाही. "काम न केल्यास बायको-पोरांना कामावर पाठवीन" असे कोणी लिहून दिले असले तरी त्या कागदाची किंमत रद्दीइतकीच.

कोऱ्या कागदावर मात्र सही-अंगठा कधीही देऊ नये. कोरी वचनचिठ्ठी किंवा कोरा चेक सही करून दिला तर ज्याच्या हाती तो आहे त्याला पुढचा मजकूर भरण्याची वाट कायद्यानेच मोकळी होते. नंतर "मी एवढे घेतलेच नव्हते" हे पटवून देताना घाम फुटतो.

प्रश्न ३ : उचल मजुरीतून कशी कापावी?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यांतील वेतन संहितेत याचे नियम आहेत. कोणत्याही एका वेतनकाळात सर्व मिळून कपात मजुरीच्या निम्म्याहून जास्त करता येत नाही. कामावर येण्याच्या प्रवासासाठी दिलेली उचल मजुरीतून कापता येत नाही. मजुरी थकली तर मजुराला तीन वर्षांच्या आत दाद मागता येते.

आता हिशेब कसा बिघडतो ते उदाहरणाने पाहू. समजा, एका कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला, एक लाख रुपये उचल दिली. दर टनाला ३६० रुपये धरला. जोडीने १२० दिवसांत रोज दोन टनांप्रमाणे २४० टन तोडले. मजुरी झाली ८६,४०० रुपये. दर आठवड्याला दोन हजार रुपये खर्ची घेतली, ती १७ आठवड्यांची ३४,००० रुपये. उरलेले ५२,४०० रुपये उचलीपोटी जमा झाले. बाकी राहिली ४७,६०० रुपये.

हा हिशेब दर आठवड्याला दोन्ही वह्यांत लिहिला असेल तर भांडणाला जागाच राहत नाही. पण टनाची पावती मजुराला दाखवलीच नाही, खर्ची कधी किती घेतली ते त्याच्या लक्षात राहिले नाही, आणि शेवटी मुकादमाने "साठ हजार बाकी" असा आकडा टाकला, तर मधले १२,४०० रुपये कशाचे? व्याज म्हणावे तर ते ठरले कधी? शिवाय परवाना नसताना व्याजाने पैसे देण्याचा धंदा करणे हा महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्याखाली वेगळा गुन्हा आहे.

दराबद्दलही दोन शब्द. साखर संघ व मजूर संघटना यांच्यात बोलणी होऊन तोडणीचे दर ठरतात. जानेवारी २०२४ मधील बैठकीत तोडणी दरात ३४ टक्के वाढ ठरली व मुकादमाचे कमिशन १९ वरून २० टक्के झाले. चालू हंगामाचा दर कोणता, हे टोळी निघण्यापूर्वीच विचारून चिठ्ठीवर लिहून घ्यावे. "मागच्यासारखेच" हा दर होत नाही.

प्रश्न ४ : मुकादम उचल घेऊन आलाच नाही. वाहनमालकाने काय करावे?

हा प्रश्न आपल्या कित्येक सभासदांचा आहे. ट्रॅक्टरचे हप्ते चालू, बँकेचे व्याज चालू आणि टोळीचा पत्ता नाही. संताप येणे साहजिक आहे. तरीही चार माणसे घेऊन मुकादमाला किंवा त्याच्या पोराला उचलून आणू नका. बेकायदा अडकवून ठेवणे, पळवून नेणे हे दखलपात्र गुन्हे आहेत. तसे केले की काल फिर्यादी असलेला माणूस आज आरोपी होतो.

सरळ मार्ग असे आहेत. पैसे बँकेतून दिले असतील, लिखाण झाले असेल, तर तीन वर्षांच्या आत दिवाणी न्यायालयात वसुलीचा दावा करावा. ही मुदत संपण्यापूर्वी ऋणकोने "एवढे देणे आहे" असे सही करून लिहून दिले, तर त्या तारखेपासून पुन्हा तीन वर्षे मोजतात. तोंडी कबुलीने मुदत वाढत नाही.

मुकादमाने चेक दिला असेल व तो वटला नाही, तर बँकेचा मेमो आल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी. नोटीस मिळाल्यावर त्याला १५ दिवस असतात. तेवढ्यात पैसे आले नाहीत तर पुढच्या एक महिन्यात न्यायालयात तक्रार करावी लागते. या तारखा चुकल्या की चांगले प्रकरणही लंगडे होते. आणखी एक काळजी घ्यावी. उचलीतले काही पैसे फिटले असतील तर पूर्ण रकमेचा जुना चेक बँकेत टाकू नये. जेवढे देणे उरले तेवढ्याचाच आधार घ्यावा. देणे उरले आहे त्याहून मोठ्या रकमेचा चेक टाकला तर खटला टिकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली म्हटले आहे.

पोलिसांकडे जावे काय? पैसे घेतानाच फसवण्याचा बेत होता, एकाच टोळीच्या नावावर तिघांकडून उचल घेतली, खोटी नावे दिली, असा पुरावा असेल तर जरूर जावे. आजारपण, मयत किंवा टोळी फुटणे यामुळे काम राहिले असेल तर ती फसवणूक होत नाही, नुसते देणे राहते. पैसे वसूल करून देणे हे पोलिसांचे काम नव्हे.

प्रश्न ५ : आपली माणसे परमुलखात अडकवून ठेवली आहेत. तक्रार कुठे करावी?

घरच्यांना वाटते, प्रकार कोल्हापूरकडचा किंवा कर्नाटकातला आहे, इथले ठाणे काय करणार? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्यात, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, याचे उत्तर आहे. दखलपात्र गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, त्याची खबर कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. म्हणून युसूफ वडगावच्या ठाण्यातही ती नोंदवता येते. पुढे ती त्या हद्दीकडे वर्ग होते. वेठबिगारीबाबत जिल्हाधिकाऱ्यांकडेही अर्ज करावा. माणसे सोडवण्याचे अधिकार व जबाबदारी कायद्याने त्यांच्याकडे दिलेली आहे.

अर्जात कारखान्याचे नाव, फडाचे गाव, मुकादमाचे नाव, माणसांची नावे व वये, शेवटचे बोलणे कधी झाले, हे लिहावे. त्यासाठी टोळी निघतानाच हा तपशील घरात लिहून ठेवला पाहिजे. म्हाताऱ्या आईला "पोरगं उसाला गेलंय" एवढेच ठाऊक असेल तर शोध कुठून लागणार?

प्रश्न ६ : फडावर किंवा वाहनावर अपघात झाला तर भरपाई कोणी द्यायची?

काम करताना व कामामुळे झालेल्या इजेची किंवा मृत्यूची भरपाई मालकाने द्यायची, हे तत्त्व १९२३ च्या कायद्यापासून चालत आले आहे. आता ते सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. काम मुकादमामार्फत करून घेतले म्हणून मूळ काम देणारा सुटत नाही. त्याने आधी भरपाई द्यावी व नंतर मुकादमाकडून वसूल करावी, अशी कायद्याची रीत आहे. "तो दारू प्यायला होता" ही सबब जखमेच्या बाबतीत काही वेळा चालते, पण मृत्यू झाला असेल तर चालत नाही.

ट्रॅक्टरवाल्या सभासदांनी एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. उसाच्या ट्रॉलीत बायका-पोरे, भांडीकुंडी भरून रात्रीचा प्रवास करायची आपली जुनी खोड आहे. ट्रॉली उलटली तर विमा कंपनी पहिला प्रश्न विचारते, माल वाहायच्या गाडीत माणसे का बसवली? शेतीच्या नावावर विमा उतरवलेले वाहन भाड्याच्या वाहतुकीला लावले असेल तर दुसरा प्रश्न येतो. मग भरपाईचा बोजा मालकाच्या जमिनीवर येऊ शकतो. पॉलिसी हंगामापूर्वी वाचून घ्यावी, समजत नसेल तर वकिलाकडून समजून घ्यावी. मोटार अपघाताचा दावा सहा महिन्यांच्या आत दाखल करावा. घर दुःखात असले तरी तारीख थांबत नाही.

प्रश्न ७ : वकिलाला द्यायला पैसे नाहीत, मग?

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ प्रमाणे स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, वेठबिगारीचे बळी व ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्नाचे लोक यांना सरकारखर्चाने वकील मिळतो. त्यासाठी तालुक्याच्या न्यायालयातील विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही माहिती मिळते. लोकन्यायालयात तडजोड झाली तर तो निवाडा न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखाच असतो व त्यावर अपील नसते. भावकीतले उचलीचे वाद मिटवायला हा मार्ग फार सोयीचा आहे.

आता हंगामापूर्वी एवढे करावे :

(१) उचल शक्यतो बँकेतून द्यावी-घ्यावी, आणि ती ज्याची त्याच्याच खात्यावर. मुकादमाच्या हाती सर्वांची रक्कम दिली की कोणाला किती पोचली ते कळत नाही.

(२) चिठ्ठीवर तारीख, नाव, गाव, रक्कम, टनाचा दर, हंगाम, जाण्यायेण्याचा खर्च कोणाकडे, हे लिहावे. चिठ्ठी वाचून दाखवावी व तिच्या दोन प्रती कराव्यात. एक प्रत मजुराकडे राहिली पाहिजे.

(३) बाईच्या नावाने वेगळी नोंद करावी. कोयता दोघांचा असतो, तसा हिशेबही दोघांचा असावा.

(४) दर आठवड्याला टन व खर्ची दोन्ही वह्यांत उतरवून सह्या घ्याव्यात.

(५) हंगाम संपला की गावी परतण्यापूर्वी बाकी काढावी. फिटलेल्या रकमेचा कागद व चेक परत द्यावा, परत घ्यावा.

वही ठेवणे कंटाळवाणे वाटते. "आपल्यात काय लिहायचं, माणूस घरचाच आहे" असे आपण म्हणतो. पण घरचा आहे म्हणूनच लिहायचे. परक्याशी बिघडले तर पुढच्या साली दुसरा मिळतो. भावकीत बिघडले तर पंचवीस वर्षे एकमेकांच्या दारात लग्नाची अक्षत पडत नाही. उचल देणारा सभासद असो की घेणारा कोयतेवाला, दोघांनाही पाडव्याला याच गावात गुढी उभारायची आहे. पैसा राहिला तर तो कागदाच्या जोरावर मागता येतो. माणूस मात्र कुणाच्याही वहीत बाकी म्हणून ठेवता येत नाही.