दाबलेल्या हवेची परतवाट

आमच्या कारंजा तालुक्यांतून समृद्धि महामार्ग गेल्यापासून कामरगांवच्या विद्यार्थ्यांच्या बोलण्यांत मोटारींचा विषय वरचेवर येऊं लागला आहे, आणि 'टर्बो' हा शब्द तर लहान मुलांच्याही तोंडीं बसला आहे. टर्बोचा वडील भाऊ जो सुपरचार्जर, त्याची ओळख मात्र फार थोड्यांना असते. वर्गांत या यंत्राचें वर्णन चाललें असतां एका विद्यार्थ्यानें आम्हांस विचारलें, "सर, इंजिनाची शक्ति खर्चून हवा पुढें ढकलावयाची आणि तीच हवा मागें येण्यास वाटही ठेवावयाची, हा दुहेरी खटाटोप कशाला?" प्रश्न मार्मिक आहे. त्या परतीच्या वाटेवर जी झडप बसविलेली असते तिला बायपास व्हॉल्व्ह म्हणतात. हा व्हॉल्व्ह कमावलेलें गमावतो कीं वाचवितो, याचा निवाडा आम्हांस येथें करावयाचा आहे.

प्रथम हवेचें महत्त्व लक्षांत घ्यावें. एक किलो पेट्रोल पूर्णपणें जळण्यास सुमारें पावणेपंधरा किलो हवा लागते. आपल्याकडील उन्हाळ्यांत एवढी हवा मोजली तर ती सुमारें १३ घनमीटर भरेल, म्हणजे एखादी लहानशी खोली भरून जाईल. साधें इंजिन ही हवा स्वतःच घेतें : पिस्टन खालीं सरकतो, सिलिंडरांतील दाब कमी होतो, आणि बाहेरचें वातावरण आपल्या दाबानें हवा आंत लोटतें. याहून अधिक हवा पाहिजे असेल तर ती कोणीतरी बळेंच भरली पाहिजे. अधिक हवा, म्हणून अधिक पेट्रोल, म्हणून अधिक शक्ति, असा हा सरळ हिशोब आहे.

हवा बळेंच भरणारें यंत्र मोटारीहून जुनें आहे. अमेरिकेंतील इंडियाना राज्यांत कॉनर्सव्हिल येथें राहणाऱ्या रूट्स बंधूंनीं १८६० सालीं आपल्या फुंकयंत्राचें पेटंट घेतलें. एका बंद पेटींत इंग्रजी आठाच्या आकड्यासारखे दोन फिरते भाग परस्परांस न स्पर्शितां उलट दिशांनीं फिरतात, आणि पेटीच्या भिंतीलगत हवेचा घास पकडून पलीकडे टाकतात. लोखंड गाळण्याच्या भट्ट्यांना वारा घालण्याचें काम या यंत्रानें पुष्कळ वर्षें केलें. पुढें गॉटलीब डाइमलर यांनीं १८८५ सालीं इंजिनांत अधिक हवा भरण्याच्या युक्तीचें पेटंट घेतलें, व १९२१ सालीं बर्लिनच्या प्रदर्शनांत मर्सिडीझच्या सुपरचार्जर बसविलेल्या मोटारी लोकांपुढें आल्या. हें सर्व परदेशांतीलच आहे असें समजूं नये. मर्सिडीझ-बेंझ कंपनी पुण्याजवळ १९९५ पासून मोटारी जोडूं लागली, आणि तेथून निघालेल्या 'सी २०० कोंप्रेसर' या मोटारीच्या इंजिनावर सुपरचार्जरच होता. कोंप्रेसर हें त्याचेंच जर्मन नांव. पुढें त्या कंपनीनेंही त्याची जागा टर्बोस दिली.

आतां या यंत्राचा स्वभाव पाहूं. सुपरचार्जर इंजिनाच्या क्रँकशाफ्टवरून पट्ट्यानें फिरतो. इंजिन फिरत आहे तोंवर त्यालाही फिरलेंच पाहिजे. शिवाय प्रत्येक फेऱ्यास ठराविक हवा तो पलीकडे टाकणारच. समजा, इंजिन दोन लिटरचें आहे. चार टप्प्यांचें इंजिन दोन फेऱ्यांत एकदां पोट भरतें, म्हणून एका फेऱ्यास त्याला एक लिटर हवा लागते. सुपरचार्जर एका फेऱ्यास पाऊण लिटर हवा टाकतो व इंजिनाच्या दुप्पट वेगानें फिरतो असें धरूं. म्हणजे इंजिनाच्या एका फेऱ्यांत दीड लिटर हवा आली. जागा एक लिटरची, हवा दीड लिटरची. अर्थात् ती दाटीनें बसते, आणि गळती व उष्णता यांचा विचार तूर्त सोडला तर तिचा दाब वातावरणाच्या दीडपट होतो.

पण उष्णता फार वेळ सोडून चालत नाहीं. सायकलींत हवा भरतांना पंपाचें तोंड तापतें हें सर्वांस ठाऊक आहे. वैशाखांतील ४० अंशांची हवा दीडपट दाबली तर अगदीं निर्दोष यंत्रांतही ती सुमारें ७८ अंशांवर जाईल; रूट्स जातीच्या प्रत्यक्ष यंत्रांत ती १०० च्या आसपास पोहोंचते. तापलेली हवा विरळ होते, आणि सिलिंडरांत पेट्रोल अकालीं भडकण्याची भीति वाढते. हा ताप व त्यासाठीं खर्चलेली शक्ति हें दाबाचें मोल आहे. चढावर किंवा दुसऱ्या गाडीस मागें टाकतांना तें देण्यास हरकत नाहीं. परंतु मोटार बाजाराच्या गर्दींत मुंगीच्या पावलानें चालली असतां, किंवा सपाट रस्त्यावर एकाच वेगानें धांवत असतां, तें कां द्यावें?

येथें आमच्या शिवारांतील एक यंत्र उपयोगी पडेल. संत्र्याच्या बागेंत फवारणीसाठीं जो एचटीपी पंप वापरतात, तो ज्यानें हाताळला आहे त्याला बायपासचें अर्धें ज्ञान झालेलेंच आहे. त्या पंपास तीन नळ्या असतात : एक ड्रममधून औषध ओढते, दुसरी गनकडे जाते, आणि तिसरी परत ड्रममध्यें सोडलेली असते. गनची चावी बंद केली कीं पिस्टन कांहीं थांबत नाहीं. तेव्हां औषध स्प्रिंगचा अडसर लोटून तिसऱ्या नळीनें परत येतें. नळी फुटत नाहीं, पण पंपावरचा भार कमी होत नाहीं, कारण प्रत्येक थेंब त्या स्प्रिंगशीं झगडून येत असतो. आतां दाबाचा दांडा सैल सोडून पाहावा. औषध पूर्वीप्रमाणेंच फिरत राहतें, परंतु अडथळा नसल्यामुळें इंजिनाचा आवाज एकदम हलका होतो. पहिल्या प्रकारांत जादा दाब निघून जातो. दुसऱ्या प्रकारांत दाब उत्पन्नच होत नाहीं. मोटारीचा बायपास व्हॉल्व्ह या दुसऱ्या जातीचा आहे, आणि आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें उत्तर या भेदांतच आहे.

मोटारींत ही व्यवस्था बहुधा अशी असते. वाटेंत प्रथम थ्रॉटल येतो, म्हणजे पायाखालच्या पेडलनें उघडणारा दरवाजा. त्यापुढें सुपरचार्जर, आणि त्यापुढें सिलिंडरांकडे हवा नेणारा मॅनिफोल्ड. सुपरचार्जरच्या पुढची बाजू व मागची बाजू एका आडवाटेनें जोडलेल्या असून त्या आडवाटेवर बायपास व्हॉल्व्ह बसविलेला असतो. त्याची दांडी एका लहान डबीतील पडद्यास जोडलेली असते. पडद्याच्या एका अंगास स्प्रिंग असते, आणि त्याच अंगास मॅनिफोल्डकडून आलेली रबराची बारीक नळी. स्प्रिंगचा कल व्हॉल्व्ह मिटवून ठेवण्याकडे असतो. मॅनिफोल्डमधील ओढ तो उघडते.

पेडलवरचा पाय हलका आहे, थ्रॉटल जेमतेम उघडा आहे; अशा वेळीं सिलिंडर हवा मागतात आणि दरवाजा ती देत नाहीं. म्हणून मॅनिफोल्डमध्यें दाब वातावरणाहून पुष्कळ खालीं जातो. ही ओढ बारीक नळीनें डबींत पोहोंचते, पडद्यास खेंचते, आणि व्हॉल्व्ह उघडतो. सुपरचार्जरच्या दोन्ही बाजू एक झाल्या, दोहोंकडे दाब सारखा झाला. आतां तो फिरतो खरा, पण त्याला ढकलण्याजोगें कांहीं उरलें नाहीं. तीच हवा आडवाटेनें फिरत राहते. ही आडवाट नसती तर त्यानें थ्रॉटलमागची अगोदरच विरळ झालेली हवा आणखी उपसली असती, आणि त्या निष्फळ श्रमांत पेट्रोल जाळून स्वतःस तापविलें असतें.

पाय खालीं दाबला कीं थ्रॉटल सताड उघडतो, मॅनिफोल्डमधील ओढ नाहींशी होते, आणि स्प्रिंग व्हॉल्व्ह मिटविते. परतीची वाट बंद झाल्याबरोबर दाब चढूं लागतो. या दोन टोकांच्या मध्यें व्हॉल्व्ह अर्धवटही उघडा राहतो, त्यामुळें शक्ति धक्क्यानें न येतां क्रमानें येते. कांहीं मोटारींत डबीच्या ऐवजीं विजेची लहानशी मोटर संगणकाच्या आज्ञेनें हें काम करते. तत्त्व बदलत नाहीं. जुन्या मर्सिडीझमध्यें दुसरीच युक्ति होती : पेडल तळापर्यंत दाबलें तरच क्लचच्या योगानें सुपरचार्जर जोडला जाई, एरव्हीं तो स्वस्थ असे. ती आम्हांस कमी सोयीची वाटते, कारण तींत एक तर सर्व दाब, नाहीं तर मुळींच नाहीं.

या व्हॉल्व्हची गल्लत दोन वस्तूंशीं होते. मूर्तिजापूर ते यवतमाळ या अरुंद रेल्वेवर १९९४ पर्यंत वाफेचें इंजिन धांवत असे, तें आमच्या पिढीच्या पुष्कळांनीं पाहिलें आहे. त्याच्या बॉयलरचा सेफ्टी व्हॉल्व्ह फुसफुसे तो वाफ अति झाली म्हणून. बायपास उघडतो तो गरज थोडी आहे म्हणून. टर्बोचा वेस्टगेट तर हवेच्या वाटेवर नसतोच. जळून बाहेर जाणाऱ्या वायूचा कांहीं भाग तो टर्बोच्या चक्रास चुकवून काढून देतो.

"बायपास बुजवून टाका, गाडीची ताकद वाढेल," असा सल्ला देणारे लोक भेटतात. त्यांस एकच विचारावें : पूर्ण ताकद मागतांना हा व्हॉल्व्ह कोणत्या स्थितींत असतो? तो त्या वेळीं आधींच मिटलेला असतो. मिटलेलें पुन्हां मिटवून अधिक दाब कोठून यावा? लाभ शून्य, आणि हलक्या चालीच्या प्रत्येक कोसास पेट्रोलाचा व उष्णतेचा भुर्दंड मात्र निश्चित.

बिघाडाचें निदानही यावरूनच होतें. बारीक रबरी नळी तडकली तर ओढ डबीपर्यंत पोहोंचत नाहीं व व्हॉल्व्ह मिटलेलाच राहतो. मोटारीची ताकद कायम दिसते, म्हणून मालकास शंका येत नाहीं. पण उभ्या गाडींतही सुपरचार्जर कण्हूं लागतो, पेट्रोल अधिक जळतें, आणि तडकेंतून बेहिशोबी हवा शिरल्यामुळें इंजिनाची संथ चाल बिघडते. उलट व्हॉल्व्ह उघडा अडकला तर खर्च वाढत नाहीं, परंतु चढावर सुपरचार्जर असून नसल्यासारखा होतो. डबीच्या जातीच्या व्हॉल्व्हची परीक्षा सोपी आहे. गरम झालेलें इंजिन संथ चालूं द्यावें व हात पट्ट्यापासून दूर ठेवून दांडीकडे पाहावें. ती खेंचलेली असली पाहिजे. नळी काढून तिचें तोंड बोटानें दाबून धरलें कीं दांडी लगेच स्प्रिंगच्या बाजूस परतावी, आणि नळी पुन्हां जोडतांच खेंचली जावी. ती हालली नाहीं तर प्रथम नळी पाहावी, मग पडदा. सुपरचार्जर खोलण्याची पाळी बहुधा येतच नाहीं.