नवप्रशिक्षित प्रसाविका आणि नवजात शिशुपरिचर्या

परिचर्या व प्रसूतिविद्येचा अभ्यासक्रम पूर्ण करून, महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी घेऊन मुलाखतीस येणाऱ्या मुलींना बहुधा प्रसूतिगृह हवे असते. नवजात शिशुविभागाचे नाव काढताच त्या बिचकतात. बाराशे ग्रॅमचे बाळ हाताळण्याची धास्ती स्वाभाविकच आहे. तथापि या कामाची माहिती त्यांच्यापर्यंत पोहोचलेली नसते, हेही तितकेच खरे.

अहिल्यानगर हा क्षेत्रफळाने राज्यातील सर्वांत मोठा जिल्हा. येथील अंतरे लक्षात घेता बाळ जिथे जन्मते तिथेच जाणता हात असणे अगत्याचे ठरते. केंद्र शासनाच्या २०११ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार प्रत्येक प्रसूतिस्थानी नवजात कोपरा, प्रथम संदर्भ रुग्णालयात स्थिरीकरण कक्ष आणि जिल्हा पातळीवर विशेष नवजात कक्ष अपेक्षित आहे. १८०० ग्रॅमहून कमी वजनाची किंवा ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेली बाळे विशेष कक्षात घेतली जातात. या तिन्ही पायऱ्यांवर प्रशिक्षित परिचारिका लागतात. शासकीय कक्षांतील अनेक पदे राष्ट्रीय आरोग्य अभियानातून कंत्राटी पद्धतीने भरली जातात, हे उमेदवारांनी ध्यानात ठेवावे.

या कामाचे मोल प्राणवायूच्या उदाहरणावरून कळावे. अपुऱ्या दिवसांच्या बाळास प्राणवायू कमी पडला तर जिवास धोका. अधिक झाला तर डोळ्यांच्या पडद्यास इजा होऊन अंधत्व येऊ शकते. रक्तातील प्राणवायूचे प्रमाण साधारणतः ९० ते ९५ टक्क्यांच्या दरम्यान राखावे लागते. डॉक्टर फेरी मारून जातात. रात्रभर त्या आकड्यावर नजर असते ती परिचारिकेची. बाळाला आईच्या छातीशी त्वचास्पर्शाने धरावयास शिकविणे, वाटी-चमच्याने दूध पाजणे ही कामेही तिचीच.

प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा. देणगीतून आलेल्या वॉर्मरवर दात्याच्या नावाची पाटी लागते, ताळेबंदात त्याचा घसाराही दिसतो. त्या वॉर्मरपाशी उभ्या राहणाऱ्या परिचारिकेच्या वेतनासाठी देणगी क्वचितच येते.

परिचारिका व प्रसाविका म्हणून नोंदणी आणि एक वर्षाचा अनुभव असल्यास भारतीय परिचर्या परिषदेचा नवजात परिचर्येचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम करता येतो. सहायक परिचारिका-प्रसाविकेने आधी तीन वर्षांचा सर्वसाधारण परिचर्या अभ्यासक्रम पूर्ण करावा.

मुलाखतीत पगार अवश्य विचारावा. त्याआधी एका पाळीत एका परिचारिकेकडे किती बाळे असतात आणि रात्री अनुभवी परिचारिका सोबत असते काय, हे विचारावे. आमच्याकडेही विचारावे.