विजयदुर्गाची सहल आणि इतिहासाचा पाठ

समुद्रकाठच्या शाळांतून दरवर्षी दिवाळीनंतर किल्ल्यांच्या सहली निघतात. मुले तटावर चढतात, शिदोरी सोडतात, माहितीफलकावरील मजकूर वहीत उतरवून घेतात आणि दिवस कलण्यापूर्वी घरी परततात. दुसऱ्या दिवशी वर्गात ‘किल्ल्यावर काय पाहिले?’ असे विचारले, तर भुयार, पाण्यातील भिंत आणि शत्रूची फुटलेली जहाजे एवढेच बहुधा ऐकावयास मिळते. म्हणजे जे दिसत नाही तेच मुलांनी पाहिलेले असते. जे डोळ्यांसमोर उभे होते त्याकडे कोणी बोट दाखविलेलेच नसते. हा दोष मुलांचा नव्हे.

विजयदुर्ग हे याचे चांगले उदाहरण आहे. देवगड तालुक्यात, वाघोटन खाडीच्या मुखाशी हा किल्ला तीन बाजूंनी समुद्राने वेढलेला आहे. त्याचे जुने नाव घेरिया. शिलाहार राजा दुसरा भोज याच्याकडे त्याच्या बांधणीचे श्रेय परंपरेने दिले जाते. पुढे आदिलशाही, शिवछत्रपती, आंग्रे, पेशव्यांच्या वतीने धुळप आणि १८१८ पासून इंग्रज असे त्याचे धनी बदलत गेले. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा दुर्गांचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला, त्यांत विजयदुर्ग आहे. त्यामुळे येणाऱ्यांची वर्दळ वाढेल, सांगणाऱ्यांची तर त्याहून अधिक वाढेल. अशा वेळी शिक्षकाने जे सांगावयाचे ते आधी पारखून घेतलेले असावे.

सहलीचा दिवस ठरविताना पंचांग पाहावे. कोकण किनाऱ्यावर तिथीच्या अंकाला पाऊणने गुणले असता पूर्ण भरतीची वेळ स्थूलमानाने निघते. अष्टमीस आठ पाऊणे सहा. म्हणजे सकाळी व सायंकाळी सहाच्या सुमारास भरती आणि भर दुपारी ओहोटी. हा हिशेब कोळ्यांच्या मुलांना घरूनच ठाऊक असतो. त्यांच्याकडूनच तो फळ्यावर करवून घ्यावा. ओहोटीच्या वेळी तटाचा पाया व त्याखालचा खडक उघडा पडतो आणि पुष्कळशा प्रश्नांची उत्तरे तेथेच मिळतात. मात्र शेवाळलेल्या खडकांवर मुलांना उतरू देऊ नये, वरूनच दाखवावे.

किल्ल्यात शिरताना पहिला अर्धा तास काहीही सांगू नये, फक्त विचारावे. चिरे कोणत्या दगडाचे आहेत? मुले क्षणभर थबकतील आणि मग म्हणतील, ‘आमच्या घराचेच!’ जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, हवा लागली की कठीण होतो. म्हणून तो हव्या त्या मापात कापता येतो. मुख्य दरवाजा लांबून समोर का दिसत नाही? तट एक न घालता एकाआड एक तीन का घातले? खाऱ्या पाण्याने वेढलेल्या जागी शेकडो माणसांना प्यावयास पाणी कोठून मिळत असेल? मुलांना ही उत्तरे स्वतः शोधू द्यावीत. चुकली तरी चालतील. समुद्राकडच्या तटावर तोफगोळ्यांच्या खुणा दाखविल्या जातात; त्या पाहून झाल्या की इतिहास सांगण्यास सुरुवात करावी, कारण आता त्या इतिहासाला टेकावयास जागा झालेली असते.

सांगावयाचा मुख्य भाग आंग्र्यांचा. कान्होजी आंग्रे यांच्या काळी इंग्रजांनी १७१७ मध्ये आणि पुन्हा १७२० मध्ये, तर डचांनी १७२४ मध्ये या किल्ल्यावर आरमार आणले. तिघांनाही हात हलवीत परतावे लागले. हे सांगताना मुलांचे डोळे चमकतात व शिक्षकाचाही आवाज चढतो. पण याच ठिकाणी पुष्कळ जण थांबतात, आणि ते योग्य नव्हे. १७५६ चा फेब्रुवारीही सांगितलाच पाहिजे. तुळाजी आंग्रे व नानासाहेब पेशवे यांचे वैर विकोपाला गेले होते. पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली. १२ फेब्रुवारीला ॲडमिरल वॉटसनची जहाजे दोन रांगा धरून खाडीच्या मुखात शिरली. फौजेचा एक भाग क्लाइव्हच्या हाताखाली जमिनीवरून आला. आंग्र्यांनी पूर्वी पकडून आणलेल्या ‘रेस्टोरेशन’ नावाच्या इंग्रजी जहाजावर तोफेचा एक गोळा पडला, त्याने पेट घेतला आणि शेजारी उभ्या असलेल्या गुराबा व गलबते एकामागून एक जळून गेली. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. तुळाजी अखेरपर्यंत पेशव्यांच्या कैदेत राहिला. त्याच वर्षी झालेल्या तहाने बाणकोटच्या मोबदल्यात विजयदुर्ग पेशव्यांना मिळाला खरा, परंतु जळालेले आरमार काही परत आले नाही. मुले विचारतात, ‘गुरुजी, आपल्यांनीच आपले आरमार बुडविले?’ या प्रश्नाला बगल देऊ नये. तुळाजीचा उपद्रव कोणाकोणाला होता, पेशव्यांना त्याची भीती का वाटली, हेही सांगावे आणि प्रश्न मुलांपाशीच राहू द्यावा.

यानंतर दंतकथांकडे वळावे. त्या टाळणे शक्य नाही आणि इष्टही नाही. गावातील एखादे वृद्ध गृहस्थ बोलावून त्यांच्या तोंडून त्या ऐकवाव्यात. ‘आमचो आजो सांगायचो’ अशी सुरुवात झाली की वर्ग चित्रासारखा बसतो. शिक्षकाने त्या वेळी मध्येच दुरुस्ती करू नये. आजोबांचा मान राखावा. पारख नंतर वर्गात करावी.

पहिली कथा पाण्यातील भिंतीची. किल्ल्याजवळ समुद्रात एक छुपी भिंत आहे, तिच्यावर आपटून शत्रूची जहाजे फुटत, असे सांगतात. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी येथे पाण्याखाली उतरून भिंतीसारखी दगडी रचना नोंदविली आहे. म्हणजे कथेच्या बुडाशी काहीतरी आहे. पण भिंत असणे ही एक गोष्ट आणि तिने जहाजे बुडविणे ही दुसरी. १७५६ मध्ये वॉटसनची जहाजे आत कशी शिरली, एवढे विचारले तरी मुले स्वतःच वाद घालू लागतात. कोणी म्हणेल, त्यांना वाटाड्या मिळाला असेल. कोणी म्हणेल, त्यांनी दुसरी वाट धरली असेल. कोणी असेही म्हणेल की भिंत जहाजांसाठी नव्हतीच, लाटांचा मारा अडविण्यासाठी असेल. यांतील कोणतेही उत्तर बरोबर म्हणून खुणेने दाखवू नये.

दुसरी कथा किल्ल्यातून धुळपांच्या वाड्यापर्यंत जाणाऱ्या भुयाराची. तिच्यावर फार वेळ घालवू नये. भुयार नाही असा किल्ला महाराष्ट्रात सापडणे कठीण.

किल्ल्याच्या नावाविषयीही एक परंपरा आहे : महाराजांनी तो विजय नाम संवत्सरात घेतला म्हणून तो विजयदुर्ग. वरच्या वर्गांना येथे गणित घालता येते. २०१३ साली पाडव्याला विजय संवत्सर लागले. त्यातून साठ-साठ वर्षे सहा वेळा वजा केली की १६५३ येते, आणि परंपरा तेच साल सांगते. मुलांना वाटेल, सिद्ध झाले! तेव्हा विचारावे : साल जुळले म्हणजे घटना घडली असे होते काय? त्या वर्षी महाराजांचा अंमल इतक्या दक्षिणेस पोहोचला होता काय, याविषयी अभ्यासकांचे एकमत नाही.

सर्वांत अधिक जपावयाचे ते शेवटच्या कथेला, कारण ती शाळांनीच पसरविली आहे. किल्ल्यावरील काही ओट्यांना ‘साहेबाचे ओटे’ म्हणतात. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने येथे दुर्बीण लावून हेलियमचा शोध लावला, असे सांगितले जाते. तो दिवस किल्ल्यावर साजराही होतो. ग्रहण खरे, आणि त्याचा पट्टाही याच बाजूने विजापूर, गुंटूर असा पूर्वेकडे गेला. परंतु लॉकियर त्या वेळी इंग्लंडात होता. गुंटूरला निरीक्षण केले ते जान्सेन या फ्रेंच शास्त्रज्ञाने. लॉकियरने २० ऑक्टोबर १८६८ रोजी, ग्रहण नसताना, इंग्लंडातूनच सूर्याच्या कडेवरील ज्वालांचा वर्णपट पाहिला आणि त्यांतील पिवळी रेषा ओळखीच्या कोणत्याही मूलद्रव्याशी जुळेना, यावरून नव्या द्रव्याची कल्पना पुढे आली. पृथ्वीवर हेलियम सापडला तो रॅम्से यांना, १८९५ मध्ये. लॉकियर हिंदुस्थानात आला तो १८७१ च्या डिसेंबरातील ग्रहणासाठी, आणि उतरला केरळातील बेकल येथे. तेथेही समुद्रकाठी किल्लाच आहे! दोन किल्ल्यांची गल्लत झाली की आणखी काही, हे ठामपणे म्हणता येत नाही.

हे वर्गात सांगताना शिक्षकाला थोडे धैर्य लागते, कारण मागच्या वर्षी त्यानेच उलटे सांगितलेले असते. त्याने तसे सरळ कबूल करावे. अशा कबुलीने शिक्षकाची किंमत कमी होते, ही समजूत खरी नाही. उलट जुन्या कथाच तेवढ्या दंतकथा असतात असे नव्हे, छापील फलकावरही त्या जन्म घेतात, हे मुलांच्या ध्यानात राहते.

सहलीनंतरच्या तासाला वहीच्या पानावर तीन रकाने आखून घ्यावेत : ‘मी पाहिले’, ‘लिहिलेले आहे’ आणि ‘लोक सांगतात’. प्रत्येक मुलाने निदान पाच वाक्ये योग्य रकान्यात घालावीत. ज्या शाळा विजयदुर्गापासून दूर आहेत, त्यांनी जवळचा किल्ला, गढी किंवा पडका वाडा घेतला तरी रकाने हेच. पहिल्या रकान्यातील मजकुरापुढे तारीख घालण्यास विसरू नये. २०२० च्या पावसाळ्यात विजयदुर्गाच्या तटबंदीचा काही भाग ढासळला. त्यापूर्वी एखाद्या मुलाने ती जागा पाहून चार ओळी लिहिल्या असतील, तर त्या आज उपयोगी पडतील. म्हणून या वह्या वर्षअखेरीस रद्दीत न घालता शाळेच्या कपाटात ठेवाव्यात व पुढच्या तुकडीला सहलीपूर्वी वाचावयास द्याव्यात.