माया नंतर, व्यवस्था आधी

रस्त्यावर जखमी, आजारी किंवा बेवारस सापडलेल्या आणि उपचारानंतर कायमच्या घराच्या प्रतीक्षेत असलेल्या कुत्र्याला प्राणिमित्रांच्या बोलण्यात ‘रेस्क्यू’ म्हणतात, आणि महाराष्ट्रातील शहरांत अशी बहुतेक कुत्री देशी, म्हणजे सर्रास गावठी म्हटल्या जाणाऱ्या वाणाची असतात. असे कुत्रे घरी आणण्याचा निर्णय कणवेपोटी एका संध्याकाळी होऊ शकतो. जबाबदारी मात्र दहा ते पंधरा वर्षांची असते. प्रस्तुत लेखिकेच्या घरचा अनुभव असा, की अडचणी आल्या त्या प्रेम कमी पडल्यामुळे नव्हे, तर प्रेमाची घाई झाल्यामुळे. म्हणून पुढील विवेचनाचा रोख मायेपेक्षा व्यवस्थेवर आहे.

निवड करताना पहिला प्रश्न, त्या कुत्र्याला खरोखरच घराची गरज आहे का, हा असतो. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ यांचा मूळ विचार असा, की भटक्या कुत्र्याची नसबंदी व रेबीजचे लसीकरण करून त्याला पकडलेल्या जागीच परत सोडावे. कानाला पाडलेली खाच ही नसबंदी झाल्याची खूण होय. गल्लीत पोटभर खाणारे, आपल्या टोळीत रमलेले प्रौढ कुत्रे बंद सदनिकेत आणले, तर ते दिवसभर दार ओरबाडत बसण्याची शक्यता असते. याउलट आईवेगळे पिल्लू, अपघातात अधू झालेले किंवा कोणी सोडून दिलेले पाळीव कुत्रे यांना घराखेरीज दुसरा आधार क्वचितच असतो.

नव्या घरात रुळण्याविषयी प्राणिमित्रांमध्ये ‘तीन-तीन-तीन’ असा ठोकताळा रूढ आहे: पहिले तीन दिवस बावरलेपणाचे, तीन आठवडे घरची दिनचर्या ओळखण्याचे आणि तीन महिने विश्वास बसण्याचे. या सुरुवातीच्या काळात कुत्रे पलंगाखाली बसून राहणे, खाण्याकडे पाठ फिरवणे किंवा कोपऱ्यात शू करणे स्वाभाविक असते, आणि अशा वेळी पाहुणे बोलावणे, आंघोळ घालणे वा मुलांनी मिठ्या मारणे यांमुळे भीती वाढून गुरगुरणे व चावणे यांपर्यंत मजल जाऊ शकते.

पळून जाण्याचा धोकाही याच काळात अधिक असतो. बहुतेक देशी कुत्र्यांचे डोके निमुळते असल्याने कुत्रे मागे रेटून मान खाली घालू लागले, की साधा गळपट्टा कानांवरून अलगद निसटतो. लेखिकेच्या घरी आलेली कुत्री ट्रकच्या हॉर्नने दचकून सोसायटीच्या फाटकाशी अशीच सुटली आणि हाका मारत मागे धावणाऱ्यांमुळे आणखी लांब गेली. ती जवळ आली तेव्हा तिला आधी सांभाळणाऱ्या बाई रस्त्याकडेला खाली बसून, तिच्याकडे न पाहता, उकडलेल्या कोंबडीचे तुकडे पुढे टाकत होत्या. म्हणून सुरुवातीचे काही महिने गळपट्टा आणि छातीभोवतीचा हार्नेस या दोहोंना दोर अडकवावा, पट्ट्यावर दूरध्वनी क्रमांक असावा आणि दिवाळीच्या दिवसांत फटाके सुरू होण्यापूर्वीच फिरवून आणून दारे-खिडक्या लावून घ्याव्यात.

आरोग्याच्या बाबतीत पहिल्याच आठवड्यात पशुवैद्याकडून तपासणी, जंतनाशक आणि लसीकरणाचे वेळापत्रक ठरवून घ्यावे. पार्व्हो हा पिल्लांना रक्ताचे जुलाब लावणारा जीवघेणा विषाणू जमिनीवर कित्येक महिने टिकतो, त्यामुळे लसी पूर्ण होईपर्यंत पिल्लाला रस्त्यावर उतरवू नये. गोचिडींचा प्रश्न अधिक चिवट असतो, कारण रक्त पिऊन फुगलेली मादी कुत्र्याच्या अंगावरून उतरून भिंतीच्या भेगांत आणि पलंगाच्या सांध्यांत हजारोंच्या संख्येने अंडी घालते, आणि केवळ अंगावरच्या गोचिडी वेचल्याने त्यांचा नायनाट होत नाही. त्यांच्यामार्फत एर्लिकिया, बॅबेसिया यांसारख्या जंतूंचा ‘टिक फीवर’ होतो. खाणे सुटणे, हिरड्या फिकट पडणे किंवा नाकातून रक्त येणे ही लक्षणे दिसताच रक्ततपासणी करावी, आणि ताप उतरावा म्हणून घरातील पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेनची गोळी कदापि देऊ नये, कारण ही माणसांची औषधे कुत्र्याला विषासमान ठरू शकतात. प्रसादाच्या शिऱ्यातील बेदाणे, कांदा-लसणाचा रस्सा, चॉकलेट आणि शिजवलेली हाडे यांनाही हीच मनाई लागू आहे.

रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो, म्हणून पिल्लू तीन महिन्यांचे झाल्यावर पहिली लस आणि पुढे पशुवैद्याच्या सल्ल्याने नियमित लस चुकवू नये. कुत्रे चावलेच, तर जखमेवर हळद, मिरची किंवा चुना न लावता ती साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी.

घरी आणलेले कुत्रे पुढे सोडून दिले जाऊ नये, यासाठी कायद्याचा धाक फारसा उपयोगी नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमातील कलम ११ नुसार पाळीव प्राण्याला योग्य कारणाविना सोडून देणे हा गुन्हा आहे, पण पहिल्या गुन्ह्याचा दंड १० ते ५० रुपये इतकाच आहे. त्यामुळे खरी परीक्षा दत्तक घेण्यापूर्वीच व्हायला हवी: भर पावसात पहाटे कोण फिरवणार, गावी जाताना कोण सांभाळणार, घर भाड्याचे असल्यास मालकाची संमती आहे का आणि महापालिकेचा परवाना कोण काढणार, यांची उत्तरे घरातील सर्वांच्या तोंडून एकच यायला हवीत. ती येत नसतील, तर काही आठवड्यांसाठी सांभाळ करणे, म्हणजेच ‘फॉस्टर’ होणे, किंवा गल्लीतील एखाद्या कुत्र्याच्या नसबंदीचा आणि लसीचा खर्च उचलणे हा अधिक प्रामाणिक मार्ग होय. दत्तक देणाऱ्या कार्यकर्त्याने घर पाहण्याचा आग्रह धरला, उलटसुलट प्रश्न विचारले आणि करारावर सही मागितली, तर त्याचा राग मानू नये. काहीही न विचारता कुत्रे हाती देणाऱ्याकडून मात्र ते घेऊ नये.