भट्टीपुढचे गोळे आणि रावेरची केळी

प्रश्न : माझा धाकटा भाऊ धुळ्याजवळ आग्रा रोडवरच्या एका ढाब्यावर तंदूर सांभाळतो. मे महिन्यात रात्री पोटऱ्यांत, कधी हाताच्या बोटांत असे गोळे येतात की तो ओरडतो. पाणी भरपूर पितो. सगळे म्हणतात म्हणून रोज केळी खातो, तरी फरक नाही. असं का?
— एक वाचक, पारोळा

उत्तर : केळ्यातून मिळतं पोटॅशियम, आणि भावाच्या घामातून जातं ते मुख्यतः सोडियम, म्हणजे मीठ. लिटरभर घामात पोटॅशियम जेमतेम पाव ग्रॅम असतं, सोडियम मात्र साधारण एक ग्रॅम, कधी त्याहूनही जास्त. तंदूरपुढे तासाला लिटरभर घाम सहज जातो. रावेर-यावलची केळी उत्तमच, पण ही तूट ती भरून काढत नाहीत.

नुसतं पाणी पिऊनही भागत नाही. मीठ गेलेलं असताना पाणीच ओतत राहिलं, तर रक्तातलं सोडियम आणखी पातळ होतं. इंग्लंडच्या खोल, उष्ण कोळसा खाणींत कामगारांना असेच गोळे येत. पिण्याच्या पाण्यात थोडं मीठ घातल्यावर ते थांबतात, हे नेव्हिल मॉस यांनी 1923 मध्ये मांडलं होतं.

तरीही प्रत्येक गोळा मिठाचाच नसतो. एकाच पोटरीत येत असेल, तर तासन् तास उभं राहून थकलेला स्नायू हे कारण असू शकतं. पाय सरळ करून पंजा आपल्याकडे ओढला की तो सुटतो. पाय, हात, पोट असे जागा बदलून गोळे येत असतील आणि वाळलेल्या शर्टावर पांढरे डाग दिसत असतील, तर मिठाचा संशय घ्या. भाऊ वेळेवर जेवतो का, हेही विचारा. भट्टीपुढे भूक मरते, आचारी दिवसभर चव घेत राहतो आणि जेवण टाळतो. आपलं बहुतेक मीठ जेवणातूनच येतं, त्यामुळे भाजी-भाकरी चुकली की मीठही चुकलं.

कामावर मीठ घातलेलं ताक अधूनमधून प्यावं. गोळे आले तर ओआरएसची पुडी, पुडीवर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात. पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. माणूस बरळू लागला, अंग तापलं, शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात समजा : 108 ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत अंगावर पाणी ओतून वारा घाला.

ढाबेमालकांना एक विनंती. उन्हाची सवय व्हायला, घामातलं मीठ राखायला शरीराला एक-दोन आठवडे लागतात. नव्या किंवा सुट्टीवरून परतलेल्या पोराला पहिल्याच दिवशी पूर्ण पाळी भट्टीवर उभं करू नका. भट्टीवरची माणसं आलटून-पालटून ठेवा, आणि ताक गिऱ्हाइकाइतकंच आचाऱ्यालाही द्या.